पाया खोदण्याआधी आणि खड्डा बुजण्याआधी: बांधकामासाठी जमीन तयार करण्याचे सविस्तर मार्गदर्शन

खोदाई हे बांधकामातले सर्वात झटपट उरकणारे काम. मशीन येते, दोन-तीन दिवसांत खड्डे होतात, ट्रक माती घेऊन जातात आणि आठवड्याभरात त्या जागी काँक्रीट पडलेले असते. त्यानंतर तळाशी माती कशी होती, तिथे चिखल होता की घट्ट मुरूम, भराव दाबला की नुसता लोटला, हे कोणालाही पाहता येत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर दिसते, प्लास्टर फुटले तर पुन्हा करता येते. पायाखालची चूक मात्र दोन-तीन वर्षांनी भिंतीतल्या तिरक्या भेगेतून वर येते, आणि तेव्हा ती दुरुस्त करायला मूळ खोदाईच्या कित्येक पट कष्ट पडतात.

म्हणून या कामाकडे बघण्याची माझी एकच पद्धत आहे. प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी स्वतः पाहायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि मगच पुढच्या टप्प्याला होकार द्यायचा. काम व्यावसायिक ठेकेदाराला दिले असले तरीही. चांगल्या ठेकेदाराला याचा राग येत नाही, उलट तो स्वतःहून हाक मारतो.

माती ओळखणे

खोदाई किती खोल, कोणत्या मशीनने, बाजू उभ्या ठेवायच्या की उतरत्या, पाणी लागेल का, निघालेली माती भरावाला चालेल का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मातीच देते. तरीही माती तपासणी ही अनेकांना वाचवता येण्यासारखी गोष्ट वाटते. पायाच्या खर्चापुढे तपासणीचा खर्च अगदी किरकोळ असतो. ती टाळून पाया 'अंदाजाने' भक्कम करायला गेलात तर जास्तीच्या लोखंडात आणि काँक्रीटमध्ये त्याहून कितीतरी जास्त जाते, आणि तरी खात्री मिळत नाहीच.

लहान बांधकामाला निदान दोन-तीन चाचणी खड्डे घ्या. ते प्लॉटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत असावेत आणि नेमके पाया येणार त्या जागेवर नसावेत. मोठ्या इमारतीला बोअर, म्हणजे जमिनीत खोल अरुंद भोक, घ्यावे लागते. किती खोल, याचा ढोबळ हिशेब असा: पायाचा भार त्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवतो. पाया २ मीटर रुंद असेल तर त्याच्या तळापासून आणखी ३ ते ४ मीटर खाली काय आहे हे कळायला हवे. वर छान मुरूम आणि दोन मीटरवर मऊ चिकणमाती, असा थर लागला तर वरच्या मुरुमाकडे बघून घेतलेला निर्णय अंगाशी येतो.

बोअर घेताना एक ठोक्यांची चाचणी करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून पाडायचा आणि नमुना घेणारी नळी जमिनीत शिरायला किती ठोके लागतात ते मोजायचे. पहिले १५ सेंटीमीटर बसवणीचे म्हणून सोडून देतात, पुढच्या ३० सेंटीमीटरचे ठोके धरतात. अहवालात 'एन' नावाने येणारा आकडा तो हाच. चार-पाच ठोक्यांत नळी खाली गेली तर जमीन मऊ किंवा भुसभुशीत, तीसच्या वर ठोके लागले तर घट्ट. अहवाल हातात आला की पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली आहे तेही बघा. उन्हाळ्यात कोरडा दिसलेला खड्डा पावसाळ्यात अर्धा भरू शकतो.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हाताने दोन गोष्टी करून पाहता येतात. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमातीमुळे पाणी दिवसभर, कधी त्याहूनही जास्त काळ गढूळ राहते. दुसरी चाचणी वळीची. ओली माती तळहातावर वळून तिची दोरी करा. साधारण ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली तर तीत चिकणमातीचा अंश भरपूर आहे. या चाचण्यांवर पायाचे डिझाइन करायचे नाही, पण ठेकेदाराशी आणि इंजिनिअरशी काय बोलायचे ते यातून कळते.

सर्वात जास्त जपायचे ते काळ्या, फुगणाऱ्या चिकणमातीला. उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात जी फुगून वर येते ती ही माती. ती घराला खाली खचवते तशीच वरही उचलते, तेही सगळीकडे सारखे नाही. अशा जमिनीत पाया ओलावा बदलण्याच्या थराखाली नेतात, किंवा ती माती काढून न फुगणारा मुरूम थराथराने भरतात, किंवा तळाशी फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेतात. यातला कोणता उपाय लागू पडेल हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने ठरवायचे असते. मशीनवाल्याच्या 'इकडे सगळे असेच करतात' या वाक्यावर ते सोडू नका.

जमिनीखाली आधीच काय आहे

विजेची केबल, गॅसची नळी, पाण्याची लाइन, ड्रेनेज, फोनची तार. जुन्या प्लॉटवर बुजवलेली विहीर, शोषखड्डा किंवा पाडलेल्या घराचा पायाही निघतो. संबंधित यंत्रणांकडून नकाशे मागवा, पण नकाशावर शंभर टक्के भिस्त ठेवू नका. केबल शोधणारे उपकरण फिरवा आणि जिथे लाइन असण्याची शक्यता आहे तिथे हाताने आडवी चर खोदून ती प्रत्यक्ष उघडी करा. केबलच्या वर बहुधा रंगीत प्लास्टिक पट्टी, विटा किंवा फरशीचे तुकडे ठेवलेले असतात. खोदताना यातले काही दिसले की मशीन त्याच क्षणी थांबले पाहिजे. आसपासच्या माणसांनाही विचारा. बुजवलेल्या विहिरीची माहिती कागदावर नसते, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला असते.

शेजारच्या इमारतींचे फोटो याच वेळी काढून ठेवा. त्यांच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या भेगा तारखेसह टिपल्या आणि शेजाऱ्याला दाखवल्या, तर पुढे वाद होत नाही.

ठेका: माती कोणत्या अवस्थेत मोजायची

खोदाईतले भांडण बहुतेक वेळा मोजमापावरून होते, आणि त्याचे कारण साधे आहे. जमिनीत दाबून बसलेली माती बाहेर काढली की फुलते. वाळू १० ते १५ टक्के, साधी माती २० ते ३० टक्के, चिकणमाती त्याहून थोडी जास्त, आणि फोडलेला खडक ५० टक्के किंवा अधिक. म्हणजे खड्डा मोजला तर एक आकडा येतो आणि ट्रक मोजले तर दुसरा. दर कोणत्या आकड्याला लागणार हे लिहून घेतले नाही, तर दोन्ही बाजू खरे बोलत असूनही हिशेब जुळत नाही.

एक उदाहरण करून बघू. बारा कॉलमचे घर आहे. प्रत्येक फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया, १.५ मीटर बाय १.५ मीटर, खोली १.८ मीटर. नुसत्या फुटिंगच्या मापाने एका खड्ड्याचे ४.०५ घनमीटर होतात, बाराचे ४८.६. पण खड्ड्यात उतरून शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावायला चारही बाजूंनी निदान ३० सेंटीमीटर मोकळी जागा लागते. खड्डा २.१ बाय २.१ चा होतो, एकाचे ७.९ घनमीटर आणि बाराचे ९५. मोकळी जागा धरताच आकडा जवळपास दुप्पट झाला. हीच माती २५ टक्के फुलली तर ट्रकमध्ये ११९ घनमीटर भरते, म्हणजे १० घनमीटरच्या बारा खेपा.

आता समजा माती ढिली आहे आणि बाजूंना एकास एक, म्हणजे दर मीटर खोलीला एक मीटर बाहेर, असा उतार द्यावा लागला. वरचे तोंड ५.७ मीटर रुंद होते आणि एकच खड्डा २९ घनमीटरवर जातो. बारा खड्डे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी सगळा प्लॉट सरसकट खाली घेणे किंवा बाजूंना आधार देऊन उभे खोदणे, यात काय परवडते ते आधी मांडून बघावे लागते. मातीचा अहवाल ठेका देण्याआधी का हवा, ते या एका आकड्यावरून कळते.

उदाहरण अजून संपलेले नाही. त्या ९५ घनमीटरच्या खड्ड्यांत तळाचे पीसीसी (लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर), फुटिंग आणि जमिनीखालचा कॉलम मिळून सुमारे १७-१८ घनमीटर काँक्रीट जाते. उरलेली ७७-७८ घनमीटर जागा पुन्हा मातीनेच भरायची आहे. तरीही 'अडचण नको' म्हणून सगळी माती बाहेर पाठवली जाते आणि महिन्याभराने भरावाची माती विकत आणली जाते. निघालेली माती भरावाला योग्य असेल तर ती ठेवायला जागा आधी ठरवा. फुगणारी काळी माती असेल तर मात्र ती ठेवू नका.

करारात आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहा. खडक लागला तर त्याचा दर वेगळा आहे का, आणि 'खडक' कशाला म्हणायचे (साधारणपणे बकेटने निघत नाही, ब्रेकर लावावा लागतो तो). पाणी उपसणे कोणाकडे. बाजूंचा आधार कोणाकडे. ठरलेल्या खोलीपेक्षा जास्त खोदले गेले तर ते भरून देण्याचा खर्च कोणाचा. माती कुठे टाकणार आणि त्याची परवानगी कोणाकडे आहे. मशीन तासावर घेतले असेल तर तास कधीपासून धरायचे आणि बंद पडल्याचा वेळ वजा होणार का. तासाचा दर स्वस्त दिसतो, पण ट्रकची वाट बघत उभे असलेले मशीनही तास खात असते. म्हणून मशीनच्या जोडीला ट्रक किती लागतील ते फेरीच्या वेळेवरून काढा.

साफसफाई आणि वरचा थर

झुडपे, बुंधे आणि मुळे पूर्ण काढायची. मूळ जमिनीत राहिले तर ते कुजते, पोकळी होते आणि वरचा भाग बसतो. वरची १५ ते ३० सेंटीमीटर सेंद्रिय माती वेगळी काढून बाजूला रचा. ती भरावात कधीही जाऊ देऊ नका. बागेसाठी मात्र तीच सर्वात मोलाची. ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका आणि त्यावरून गाड्या फिरू देऊ नका. जी झाडे ठेवायची आहेत त्यांच्याभोवती फांद्यांच्या घेराएवढे कुंपण आधीच घाला, कारण मशीनच्या वजनाने माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड वर्ष-दोन वर्षांनी वाळते.

आखणी

आखणीची सुरुवात एका न हलणाऱ्या खुणेपासून होते. प्लॉटबाहेरच्या पक्क्या बांधकामावर किंवा काँक्रीटमध्ये रोवलेल्या सळईवर ही खूण करा आणि सगळ्या उंच्या तिच्यावरूनच मोजा. 'रस्त्यापासून एवढे' असे माप चालत नाही. रस्ता उतरता असतो आणि पुढे वरही येतो.

मग सेंटरलाइन, म्हणजे भिंती-कॉलमची मध्यरेषा. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे ३-४-५ ने तपासा. एका बाजूवर ३ मीटर, दुसऱ्या बाजूवर ४ मीटर, तिरके माप बरोबर ५ मीटर. मोठ्या आखणीला ६-८-१० घेतले तर चूक लवकर दिसते. शेवटी पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत. जमीन उतरती असेल तर टेप आडवा धरूनच मोजा. उतारावर टेप टाकून घेतलेले माप फसवते.

चुन्याची फक्की मारून खड्ड्यांच्या कडा दाखवल्या की आखणी झाली असे मानू नका, कारण बकेटच्या पहिल्या फेरीत ती फक्की जाते. सेंटरलाइनच्या खुंट्या खोदाईच्या क्षेत्राबाहेर निदान दीड-दोन मीटर दूर रोवा आणि त्यांना काँक्रीटचा गोळा घाला. खोदाईनंतर दोरी पुन्हा ताणून ओळंब्याने मध्यबिंदू तळाला उतरवता आला पाहिजे. मशीन सुरू होण्याआधी आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची आखणीवर सही घ्या, आणि प्लॉटची हद्द मोजणीच्या कागदावरूनच धरा. जुन्या कुंपणावर विसंबू नका.

खोदाई आणि माणसांचा जीव

लहान प्लॉटला बॅकहो लोडर पुरतो. त्याला सगळे जेसीबीच म्हणतात, मग ते मशीन कोणत्याही कंपनीचे असो. तो साधारण ४ मीटरच्या आसपास खोल जातो. त्याहून खोल, किंवा खडक फोडायचा असेल तर पोकलेन. २० टनांचे मशीन सहा मीटरच्या पुढे पोचते. तळघर खोदताना ट्रक खाली उतरणार असतील तर रॅम्पसाठी जागा आधी राखा. दर मीटर खोलीला सात-आठ मीटर लांबी धरली तर भरलेला ट्रक नीट वर येतो. शेवटी तो रॅम्प कसा काढायचा हेही सुरुवातीलाच ठरवावे लागते. नाहीतर मशीन आत आणि रॅम्पची माती मध्ये, अशी अडचण होते.

आता या लेखातले सर्वात महत्त्वाचे. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही गुदमरतो, कारण मातीच्या दाबाने छाती फुगू शकत नाही. कडा ढासळायला सेकंदही लागत नाही आणि पळायला चरीत जागा नसते. 'पाचच मिनिटांचे काम आहे' म्हणून आधार नसलेल्या खोल चरीत कोणालाही उतरू देऊ नका. हे वाक्य मी प्रत्येक साइटवर ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी काम थांबवले आहे.

दीड मीटरपेक्षा खोल खोदाईत बाजूंना उतार द्या, पायऱ्या करा किंवा आधार लावा. माती ढिली असेल तर दीड मीटरच्या आतही. घट्ट चिकणमातीला प्रत्येक मीटर खोलीमागे पाऊण मीटर, मध्यम मातीला एक मीटर आणि वाळूला दीड मीटर आडवा उतार हे सुरुवातीचे माप. पाणी झिरपत असेल, आधी कधी भराव टाकलेली जागा असेल किंवा जवळून वाहने जात असतील तर उतार आणखी आडवा करा. खोल तळघराच्या बाजूंचे डिझाइन इंजिनिअरनेच करायचे.

काढलेली माती कडेवर टाकू नका. निदान एक मीटर सोडा, आणि खड्डा खोल असेल तर त्याच्या निम्म्या खोलीएवढे तरी. मातीचा ढीग म्हणजे कडेवर ठेवलेला भार असतो, आणि तो काय करू शकतो हे २७ जून २००९ रोजी शांघायमध्ये दिसले. तिथे जवळपास पूर्ण झालेली १३ मजली इमारत अख्खी आडवी झाली. तिच्या एका बाजूला भूमिगत वाहनतळासाठी सुमारे ४.६ मीटर खोल खोदले होते आणि निघालेली माती दुसऱ्या बाजूला सुमारे १० मीटर उंच रचली होती. एका बाजूने आधार गेला, दुसऱ्या बाजूने दाब आला आणि खालचे पाइल मोडले. एका कामगाराचा जीव गेला. माती कुठे रचायची हा प्रश्न सोयीचा नाही, ताकदीचा आहे.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी आणि प्रत्येक पावसानंतर कडेने एक फेरी मारा. कडेला समांतर बारीक भेग दिसली तर ती कडा सुटू लागली आहे असे समजा, माणसे बाहेर काढा आणि वरचा भाग उतरवून घ्या. चरीत उतरायला शिडी हवी आणि ती माणसापासून सात-आठ मीटरच्या आत हवी. फिरत्या बकेटखाली कोणी उभे राहायचे नाही. रात्री खड्ड्याभोवती पक्के कुंपण आणि दिवा हवाच. लहान मुले खड्ड्याकडे ओढली जातात आणि पाणी साचलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही.

शेजारची भिंत लगत असेल तर तिच्या पायाच्या तळाखाली जाताना थांबा. त्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणारी रेषा कल्पा. तुमचा खड्डा त्या रेषेच्या आत शिरत असेल तर शेजारचा आधार तुम्ही काढत आहात. मग खोदाई एका सलग चरीत करायची नाही. एक तुकडा खोदून, बांधून, भरून मग त्याच्यापासून दूरचा तुकडा घ्यायचा, आणि तेही इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच.

पाणी

पावसाचे पाणी खड्ड्यात येऊच नये म्हणून वरच्या बाजूला आडवी चर काढून ते वळवा. जमिनीतून झिरपणारे पाणी कोपऱ्यात, फुटिंगच्या बाहेर, तळापेक्षा अर्धा-पाऊण मीटर खोल खड्डा घेऊन गोळा करा आणि पंप तिथे ठेवा. पंपाभोवती खडी किंवा जाळीचा थर द्या. सुरुवातीला पाणी गढूळ येते, ते चालते. पण तासन्‌तास गढूळच येत राहिले तर पंप पाण्याबरोबर बारीक मातीही ओढतो आहे. त्याने तुमचा तळ पोकळ होतो आणि शेजारची जमीन बसते. वाळूच्या जमिनीत तळातून बुडबुड्यांसारखी वाळू उकळताना दिसली तर उपसा वाढवू नका. खालून येणाऱ्या पाण्याने वाळूचे वजन उचलले आहे. त्यावर उपाय म्हणजे खड्ड्याबाहेर नळ्या बसवून पाण्याची पातळीच खाली घेणे. ओढीच्या पंपावर चालणाऱ्या अशा नळ्यांची एक रांग साधारण ५ ते ६ मीटरपर्यंत पातळी उतरवते.

तळघर किंवा जमिनीतली टाकी बांधताना पंप कधी बंद करायचा, हेही इंजिनिअरला विचारा. बाहेरची पाणीपातळी तळापेक्षा जितके मीटर वर, तितके टन दर चौरस मीटरला वर ढकलतात. वर वजन येण्याआधी उपसा थांबवला तर रिकामी टाकी होडीसारखी वर येते.

तळ: इथे घाई नको

मशीनने ठरलेल्या खोलीच्या १५ सेंटीमीटर आधी थांबायचे. बकेटचे दात तळ उखडून ठेवतात आणि ती सैल माती पायाखाली राहिली तर पाया तेवढा बसणारच. शेवटचा थर कुदळ-फावड्याने, आणि शक्यतो ज्या दिवशी पीसीसी टाकायचे त्याच दिवशी काढा. उघडा तळ उन्हात तडकतो आणि पावसात लोण्यासारखा होतो.

तळ तयार झाला की पहार घेऊन खाली उतरा. ठरावीक अंतरावर एकाच जोराने पहार मारत जा. हाताला कळते. एखाद्या जागी ती अचानक खोल गेली तर तिथे मऊ कप्पा आहे, तो पूर्ण खोदून काढा. याउलट अर्धा तळ कातळावर आणि अर्धा मातीवर आला तर तेही धोक्याचे. कातळ बसत नाही, माती बसते आणि मधली भिंत फाटते. सगळा पाया सारखा थोडासा बसला तर इमारतीला फारसे काही होत नाही. एक बाजू जास्त बसली की इमारत मोडते. पिसाच्या मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि एका बाजूची मऊ माती दबल्याने तो झुकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो सावरला कसा, हे फारसे कोणाला माहीत नसते. २००१ पर्यंत चाललेल्या कामात उंच राहिलेल्या उत्तर बाजूच्या पायाखालून तिरकी भोके घेऊन हळूहळू सुमारे ३८ घनमीटर माती काढली आणि मनोऱ्याचे टोक ४० सेंटीमीटरहून अधिक मागे आले. आपल्या वरच्या उदाहरणातल्या पाच खड्ड्यांत यापेक्षा जास्त माती निघते.

चुकून जास्त खोल खोदले गेले तर ती जागा सैल मातीने भरून समतल करायची नाही. कमी सिमेंटचे साधे काँक्रीट टाकून पातळी वर आणा. रात्री पाऊस झाला आणि तळाशी चिखल साचला तर पाणी उपसून थांबू नका. मऊ झालेला थर खरवडून घट्ट माती लागेपर्यंत खाली जा. काँक्रीटची गाडी दारात उभी असताना हे सांगणे अवघड जाते. म्हणूनच तळ पास झाल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डर द्यायची नाही.

तळावर टेप आणि खड्ड्याचा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा. माती अहवालापेक्षा वेगळी दिसली तर तो फोटो लगेच डिझाइन करणाऱ्याला पाठवा. मग ७५ ते १०० मिलिमीटरचे पीसीसी.

भराव आणि दाब

भरावाआधी खड्ड्यातले लाकडाचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, प्लास्टिक, डबे सगळे बाहेर काढा. काँक्रीटला पुरेशी ताकद आल्याशिवाय भरू नका आणि कॉलमच्या चारही बाजूंनी सारख्या उंचीने भरत जा. एका बाजूने मशीनने लोटलेली माती कोवळा कॉलम सरकवते.

भरावाचे शास्त्र १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने मांडले. धरणांच्या भरावावर काम करताना त्याने दाखवले की तेवढ्याच दाबाखाली माती किती घट्ट बसेल हे तिच्यातल्या ओलाव्यावर ठरते. कोरडे कण एकमेकांवर अडून बसतात. थोड्या पाण्याने ते सरकून जवळ येतात. पाणी जास्त झाले की कणांमधली जागा पाणीच अडवते. प्रत्येक मातीला तिचा एक योग्य ओलावा असतो आणि त्याला मिळणारी घनता म्हणजे त्या मातीची कमाल घनता. पायाखालच्या किंवा फरशीखालच्या भरावाला तिच्या निदान ९५ टक्के घनता सहसा मागतात.

साइटवर ओलावा मुठीने ओळखा. माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला तर ओलावा ठीक आहे. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा. तळहात ओला झाला किंवा गोळा पडल्यावर चपटा झाला तर माती पसरून वाळू द्या.

थर १५ ते २० सेंटीमीटरचा, सैल अवस्थेत मोजलेला. जड रोलर असेल तरच त्याहून जाड. वाळू-मुरुमाला थरथरणारी प्लेट चालते, चिकणमातीला ठोके देणारा रॅमर किंवा खुरांचा रोलर लागतो. कोपऱ्यात आणि कॉलमजवळ, जिथे मशीन पोचत नाही, तिथे धुमसाने (हाताने ठोकायच्या जड ठोकळ्याने) कुटा. नेमक्या याच जागा पुढे फरशीखाली पोकळ वाजतात.

एक सवय मोडायला हवी. अख्खे जोते एका दमात भरायचे, त्यात पाइप सोडून रात्रभर पाणी भरायचे आणि 'माती बसली' म्हणायचे. स्वच्छ वाळूला याचा काही उपयोग होतो, कारण तिच्यातून पाणी निघून जाते. चिकण अंशाच्या मातीत मात्र वरचा थर बसल्यासारखा दिसतो, आत लगदा राहतो आणि तो सुकताना आक्रसतो. सहा महिन्यांनी फरशी खाली जाते, भिंतीकडेला फट पडते आणि दोष फरशीवाल्याच्या माथी येतो.

दाब झाला की चाचणी घ्या. बारीक मातीला लोखंडी नळकांडे ठोकून नमुना काढतात, खडीमिश्रित मुरुमाला वाळू भरून खड्ड्याचे आकारमान मोजतात. दर दोन-तीन थरांनी एक चाचणी आणि तिची नोंद. चाचणीत थर नापास झाला तर तो उकरून, ओलावा नीट करून पुन्हा दाबायचा. त्यावर पुढचा थर टाकून खालचा सुधारत नाही. मोठ्या क्षेत्रावर भरलेला ट्रक हळू चालवून बघणेही उपयोगी. चाकाखाली जमीन गादीसारखी हलली तर ती जागा चुन्याने खूण करून उघडा.

फरशीखाली सोलिंग (दगडांचा थर) घालण्याआधी वाळवी प्रतिबंधक फवारणी, ड्रेनेजचे पाइप आणि त्यांचा उतार यांची तपासणी आटोपून घ्या. नंतर त्यासाठी दाबलेला भराव फोडावा लागतो आणि पुन्हा दाबताना कोणी तेवढे कष्ट घेत नाही.

घराभोवतीचा उतार

सगळे झाल्यावर जमीन घरापासून बाहेरच्या दिशेला उतरती हवी, पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंटीमीटर. घराभोवतीचा भराव पहिल्या पावसाळ्यात थोडा बसतोच, त्यामुळे सुरुवातीचा उतार किंचित जास्त ठेवा. छताच्या पाण्याचे पाइप जोत्यालगत सोडू नका, ते पाणी पाइपने किंवा पक्क्या नाल्याने दूर न्या. विशेषतः फुगणाऱ्या मातीत.

पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. जोत्याजवळ जिथे पाणी थांबलेले दिसेल तिथे खुंटी रोवा, आणि जमीन वाफशावर आली की त्या जागा भरून, दाबून, उतार पुन्हा काढून घ्या.